कोरडं करून घ्या

नाव ऐकून शेवंता म्हणाली,
"मोची? चपला शिवुलासा काय आता घरात?"
"चपला नव्हेत. तांदळाचा गोळा, आत फळ."
"मग मोदकच की."
"मोदकाला नाक असतं. ह्याला नाही."
तिनं माझ्या हातांकडे पाहिलं,
एकतीस वर्षं उद्यमबागेत साचे मारलेले हात,
पंपाचे, व्हॉल्व्हचे, एकदा देवळाच्या घंटेचा.
मग पदर खोचून बाजूला झाली, लांब नाही.

पहिल्यांदा येळ्ळूरच्या बासमतीचं पीठ घेतलं.
बासमती वास देते, चिकटत नाही.
सकाळी गोळ्याला तडे,
घाईनं थंड केलेल्या बिडासारखे.
शेवंता काही बोलली नाही,
तुकडे ताकात घालून खाल्ले तिनं.

मग हुंदऱ्यांचा पोरगा सुट्टीवर आला
आणि नेत्रानं दिलेलं पाकीट देऊन गेला.
त्यावरची अक्षरं ना मराठी, ना कन्नड.
आमच्या वडगावात पहिल्यांदाच आली
अशी पाटी, जिच्यावरनं भांडायला कुणी नाही.

रविवार पेठेतून स्ट्रॉबेरी,
आणि त्यांच्याकडच्या गोड डाळीऐवजी
पाव किलो कुंदा.
नेत्राचा आवाज फोनमध्ये साठवलेला:
"बाबा, फळ आधी कोरडं करून घ्या.
पुसा, पंख्याखाली ठेवा, परत पुसा."

मला हे कुणी सांगायला नको होतं.
वाळू ओली राहिली की आत वाफ कोंडते,
ओतीव निघते भोकाभोकांची.
फळ ओलं राहिलं की साल सुटते, गोळा फाटतो.
एकच गोष्ट.
तरी तो आवाज तीनदा ऐकला,
शेवटी ती खोकते तिथपर्यंत.

कुकरची शिट्टी काढली. पीठ, साखर, पाणी.
दहा मिनिटं वाफ, मग लाकडी उलथनं.
पांढरं होतं ते काचेकडे झुकलं,
ओढलं तर येतं, सोडलं तर परत जातं.
परातीत कॉर्नफ्लॉवर भुरभुरलं
जशी दोन पेट्यांमध्ये पार्टिंग पावडर,
सवयीनं फुंकरही मारली.
शेवंताच्या भुवया पांढऱ्या झाल्या.

स्ट्रॉबेरी म्हणजे कोर.
कोर मधोमध बसला पाहिजे,
नाहीतर एक भिंत जाड, एक पातळ.
पहिली चार गेली रिजेक्टमध्ये.
पाचवी बसली.

शेजारच्या नीलव्वाला दिली.
"एनिदु?" म्हणत तिनं बोटानं दाबली,
बोटाचा खड्डा हळूहळू भरून आला
तो बघत राहिली.
चावली, तर कवळी अडकली.
ती काढून तळहातावर ठेवून, न लाजता, हसत,
"छलो ऐति. हण्णिन कडुबु."
नाव तिचं तिनं ठेवून टाकलं.

तेव्हा मला आठवलं, नेत्रा म्हणाली होती
त्या वृद्धाश्रमात संध्याकाळी ती काय करते.
कात्रीनं मोचीचे बारके तुकडे करते,
एकेका आजोबांच्या समोर बसते,
गिळलं का बघते, मगच पुढचा तुकडा.
कधी एका मोचीला पाऊण तास.
इथं असताना हिला
कुकर उतरेपर्यंत धीर नसायचा.

मी कात्री आणली. धुतली.
नीलव्वाची मोची सहा तुकडे केली,
तिच्या समोर स्टुलावर बसलो.
एक तुकडा. गळा हलला.
दुसरा.
"पेट्रोल पंपावर बसल्यासारखं काय बघुलासा?"
शेवंतानं विचारलं.
मी हात वर केला, थांब म्हणून.

रात्री फोटो पाठवला, स्टीलच्या ताटलीत सात.
तिकडं तेव्हा मध्यरात्र उलटलेली असणार.
तरी दोन निळ्या खुणा लगेच आल्या,
मग "लिहिते आहे" असं बराच वेळ दिसत राहिलं,
थांबलं, परत दिसलं.
एवढा वेळ लागावा असं काय लिहीत होती कोण जाणे.
आलं ते एवढंच:
"शिवण खाली पाहिजे, बाबा. उलटं ठेवा."

शेवंतानं चष्मा लावून वाचलं.
"बघा," म्हणाली, "शिवण. मी काय सांगत होते?"
आणि एकेक मोची उलटी करत
ताटलीवर वाकून बसली.